‘काही नाही करणार हं’ म्हणण्याआधी: लहान मुलाला दाताच्या डॉक्टरांकडे नेताना

सांगलीतल्या एका दाताच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं असिस्टंट आहे. मोठी माणसं मला सिस्टर म्हणतात, मुलं मावशी म्हणतात. अर्धा दिवस मी मॅडमच्या खुर्चीशेजारी थुंकी ओढायची नळी धरून उभी असते आणि अर्धा दिवस बाहेरच्या टेबलाशी नावं लिहून घेते. आत गेलेलं मूल का रडतंय, हे मला बहुतेक वेळा बाहेरच्या बाकावरच कळलेलं असतं.

परवाचंच सांगते. चार वर्षांचा मुलगा, बुटात लाल दिवे लागणारे. तो आपला पाय आपटून दिवे लावत बसला होता. आई पर्स पोटाशी घट्ट धरून शेजारी. दोन मिनिटांनी म्हणाली, “घाबरायचं नाही हं, काही नाही करणार डॉक्टर.” त्याने लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा, “अजिबात घाबरायचं नाही, शूर आहे ना माझा बाळ?” आता त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा त्याचे पाय थांबले, आणि तो उतरून तिच्या मांडीत जाऊन बसला. तोपर्यंत मॅडमनी त्याला पाहिलंही नव्हतं. भीतीचं नाव कुणीतरी तीन वेळा घेतलं होतं, एवढंच.

म्हणून हा लेख मुलापासून सुरू करत नाही.

आधी स्वतःची भीती मोजा

आमच्या पिढीचा दाताचा पहिला अनुभव ठरलेला असायचा. बाबांनी हात धरायचे, कंपाउंडरने डोकं, आणि डॉक्टरांनी दाढ. ते अंगात बसलेलं असतं. आपण विसरलो असं वाटतं, पण ड्रिलचा आवाज आला की खांदे वर जातात, आणि कडेवरच्या मुलाला ते आपल्याआधी समजतं.

मोठ्यांची भीती मोजायला डॉक्टर पाच प्रश्नांची एक साधी पट्टी वापरतात. मूळ चार प्रश्न मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये तयार केले, १९९५ मध्ये त्यात इंजेक्शनचा पाचवा आला. उद्या दाताचे उपचार आहेत म्हटलं तर कसं वाटतं? बाहेर बसून वाट बघताना? दाताला ड्रिल लागणार असेल तर? दात साफ करणार असतील तर? हिरडीत इंजेक्शन देणार असतील तर? प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. १ म्हणजे काहीच नाही, ५ म्हणजे प्रचंड भीती. बेरीज १९ किंवा जास्त आली तर तुमची भीती मोठी आहे, आणि मुलासोबत खुर्चीपर्यंत तुम्ही जाऊ नये.

यात कमीपणा काही नाही. घरात दुसरं कुणीतरी असतंच. आजोबा, मावशी, आत्या, कधी शेजारच्या काकू. आमच्याकडे एक वडील यायचे, तालमीत कमावलेलं शरीर. मॅडमनी सिरिंज उचलली की हे भिंतीला टेकायचे. मग मुलीला सोडून मला त्यांना पाणी द्यावं लागायचं. तिसऱ्या वेळी त्यांनी आपल्या आईला पाठवलं. आजी पायाशी बसून वाती वळत राहिल्या, आणि मुलीने तोंड उघडलं.

तुम्हालाच जावं लागणार असेल तर एकच करा. बोलायचं कमी आणि श्वास सोडायचा लांब. घामेजलेल्या थंड हाताने मुलाचा हात धरण्यापेक्षा त्याच्या घोट्यावर हात ठेवा. त्याला तुम्ही जवळ आहात हे कळतं, तुमची बोटं थरथरतायत हे कळत नाही.

पहिली भेट दुखत नसताना

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. तो आल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, एकदा दाखवून आणायचं. बालदंततज्ज्ञ हेच सांगतात. यावर आमच्याकडे हमखास येणारं उत्तर: “दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत.” पडणार, पण केव्हा? पुढचे सहा-सात वर्षांत पडतात, मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तेवढी वर्षं किडकी दाढ घेऊन मूल जेवणार, झोपणार, शाळेत जाणार. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे जी दाढ उगवते ती कायमची असते. तिच्या जागी आधी काही पडलेलं नसतं, म्हणून घरचे तिलाही दुधाची समजतात.

भीतीच्या हिशोबाने तर हे आणखी महत्त्वाचं. पहिल्यांदा आलेलं मूल रात्रभर दुखून, न झोपता, उपाशी आलेलं असेल, तर मॅडमना त्याच दिवशी सुई हातात घ्यावी लागते. जे मूल आधी दोनदा येऊन नुसते दात मोजून घेऊन, खुर्ची वरखाली करून गेलंय, त्याच्यासाठी तिसरी भेट ओळखीच्या घरी जाण्यासारखी असते.

घरी बघायची एक खूण सांगते. वरचा ओठ उचला. पुढच्या दातांवर हिरडीला लागून खडूसारखी पांढरट रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. रात्री तोंडात दुधाची बाटली घेऊन झोपणाऱ्या मुलांत ही रेघ आम्हाला नेहमी दिसते. या टप्प्यावर आलात तर बहुतेक वेळा ड्रिलची गरजच पडत नाही.

शब्दांची साफसफाई

“जेवला नाहीस तर डॉक्टर काकांना सांगेन, सुई टोचायला.” हे वाक्य घरातून आजच काढून टाका. आजीला सांगणं अवघड जातं, ठाऊक आहे. तरी सांगा.

दुसरं, “दुखणार नाही”. आपल्या भाषेत नकार मागून येतो. तीन वर्षांचं मूल ‘दुखणार’ ऐकतं आणि तिथेच थांबतं, ‘नाही’पर्यंत पोचतच नाही.

तिसरं म्हणजे वरचं “काही नाही करणार, नुसतं बघणार.” हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते खोटं ठरण्याची शक्यता असते. खोटं ठरलं की मूल डॉक्टरांवर नाही, तुमच्यावर रागावतं, आणि पुढच्या वेळी रिक्षातच बसत नाही. त्याऐवजी म्हणा, “डॉक्टर तुझे दात मोजतील, छोट्या आरशाने बघतील. पुढचं त्या तिथे सांगतील. मी तिथेच आहे.” एवढंच. यातला प्रत्येक शब्द खरा आहे.

दवाखान्यात आमचे शब्द वेगळे असतात. ड्रिलला आम्ही गुणगुणणारा ब्रश म्हणतो, हवा-पाण्याच्या नळीला पिचकारी, थुंकी ओढणाऱ्या नळीला हत्तीची सोंड. भूल देण्याला दात झोपवणं. तुमच्या डॉक्टरांचे शब्द आधी विचारून घ्या आणि घरी तेच वापरा. आत आम्ही ‘दात झोपवू या’ म्हणतोय आणि मागून काका म्हणतात, “एक इंजेक्शन घे पटकन, मग मोकळा!” असं झालं की अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात.

आठवडाभराची तालीम

रोज पाच मिनिटं, रात्री दात घासतानाच. वेगळा कार्यक्रम करू नका.

पहिल्या दिवशी मुलाला तुमचे दात मोजू द्या. तो सतरा म्हणेल, मग तीस म्हणेल, चालू द्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याचे मोजा, मोबाइलचा टॉर्च लावून. अडीच-तीन वर्षांच्या पुढे दुधाचे वीस भरायला हवेत. तिसऱ्या दिवशी स्टीलचा छोटा चमचा घ्या, त्याची पाठ दातांवरून फिरवा. तोंडातल्या आरशाचा गारवा साधारण असाच लागतो. चौथ्या दिवशी बाबांचा ट्रिमर चालू करून त्याची मागची बाजू मुलाच्या नखावर टेकवा. आवाज आणि थरथर, दोन्हींची ओळख होते. पाचव्या दिवशी आडवं पडून तोंड उघडं ठेवायचं, तुम्ही दहापर्यंत मोजेस्तोवर. हे दहा महत्त्वाचे आहेत, कारण आमच्या मॅडमही दहा मोजून थांबतात. मुलाला शेवट कधी येणार हे ठाऊक असलं की ते बराच वेळ दम धरतं.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी तालीम वेगळी. दोन मोठ्यांनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसायचं. मुलाने आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसायचं, पाय तिच्या कमरेभोवती. मग हळूच मागे झोपवायचं, डोकं दुसऱ्याच्या मांडीवर. त्याला आईचा चेहरा दिसत राहतो आणि दुसऱ्याला तोंड पूर्ण दिसतं. डॉक्टरही इतक्या लहान मुलाला असंच तपासतात. घरी ब्रशसुद्धा असाच करा, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी.

आणि हो, भेटीची बातमी पंधरा दिवस आधी देऊ नका. दोन-तीन वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सकाळी सांगा, चार-पाचच्या मुलाला आदल्या दिवशी.

फोनवर विचारा आणि सांगा

लहान मुलं नेहमी बघतात का? आत कुणाला येऊ देतात? पहिल्या दिवशी फक्त तपासणी ठेवता येईल का? हे तीन प्रश्न विचारायला संकोच करू नका. वेळ सकाळची मागा. संध्याकाळी सातला मूलही थकलेलं असतं आणि खरं सांगायचं तर आम्हीही. दुपारच्या झोपेची वेळ तर नकोच.

तुम्ही आपणहून सांगायचं ते असं: हृदयाचा आजार, दमा, कशाची अ‍ॅलर्जी, रक्त लवकर न थांबणं, फिट येणं, चालू औषधं. मूल स्वमग्न असेल, आवाज किंवा प्रकाश सहन होत नसेल, तर तेही. अशा मुलासाठी दिवसाची पहिली वेळ ठेवता येते, दिवा आधी मंद ठेवता येतो, गर्दी नसते. पूर्वी कुठे जबरदस्ती झाली असेल तर तीही सांगा. त्याची लाज तुम्हाला कशाला?

त्या दिवशी

दीड-दोन तास आधी हलकं काहीतरी खाऊ घाला. पोट गच्च भरलं की उलटी येते, रिकामं असलं की चिडचिड. ओळखीचं एक खेळणं हातात द्या. तासभर आधी येऊन बसू नका. “रडला नाहीस तर आइस्क्रीम” ही लाच मुलाला लगेच कळते, आत काहीतरी वाईट आहे म्हणूनच एवढं मोठं आमिष! नंतर बक्षीस द्यायचं असेल तर खुशाल द्या, आधी बोलू नका.

आत गेल्यावर बोलणारं माणूस एकच असावं, डॉक्टर. हे पाळणं पालकांना सर्वांत जड जातं. मॅडम म्हणतात “तोंड उघड”, आई म्हणते “उघड ना राजा”, बाबा म्हणतात “लवकर उघड”, आणि मूल तिघांकडे बघत तोंड मिटून घेतं.

डॉक्टरांची पद्धत साधारण अशी असते: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. अ‍ॅडलस्टन या दंतवैद्यांनी १९५९ मध्ये ती मांडली आणि आजही लहान मुलांच्या दातांचं काम याच पायावर चालतं. गुणगुणणारा ब्रश आधी बाहुलीच्या दातावर फिरतो, मग मुलाच्या नखावर, मग तोंडात. बघणाऱ्या पालकाला वाटतं, किती वेळ घालवतायत! तो वेळच औषध आहे. घड्याळाकडे बघू नका.

एक खूण ठरवून घ्यायला सांगा: डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार. मूल पहिल्या मिनिटात चार वेळा हात वर करतं, खरंच थांबतात का ते बघायला. डॉक्टर थांबले की त्याचा विश्वास बसतो आणि मग हात खालीच राहतो.

आणि रडणं. रडणारं मूल म्हणजे फसलेली भेट नव्हे. दोन वर्षांचं मूल अनोळखी खोलीत रडणारच, आणि रडताना तोंड उघडं असल्याने तपासणीही नीट होते. आमच्या केसपेपरच्या कोपऱ्यात मॅडम दर वेळी खूण करतात: दोन वजा, एक वजा, एक अधिक, दोन अधिक. मूल खुर्चीत कसं वागलं ते मोजणारी ही १९६२ पासूनची फ्रँकल यांची पट्टी आहे. दोन वजावरून एक वजावर आलं तरी मॅडम खूश असतात.

सुईचा प्रश्न

कधीकधी इंजेक्शन लागतंच. आधी हिरडीला सुन्न करणारं जेल लावून एक-दोन मिनिटं थांबतात, मग बारीक सुईने औषध अगदी सावकाश सोडतात. टोचण्यापेक्षा औषध जोरात ढकलल्याने जास्त दुखतं. सिरिंज मुलाच्या हनुवटीखालून, नजरेआड दिली जाते. तुमची नजर मात्र तिच्यावर खिळलेली असते, आणि मूल तुमच्या डोळ्यांत बघतं. म्हणून त्या क्षणी मुलाच्या पायाकडे बघा. मुलाला सांगायला शब्द हवा असेल तर “थोडं चिमटल्यासारखं वाटेल, पाचपर्यंत मोजू”.

घरी गेल्यावर दोन-तीन तास, कधी त्याहून जास्त, ओठ बधिर राहतो. मुलाला गंमत वाटते आणि ते ओठ चावत बसतं. दुसऱ्या दिवशी ओठ सुजतो, वर पांढरा-पिवळा थर येतो आणि पालक पू झाला म्हणून धावत येतात. तो पू नसतो, चावल्याची जखम असते, आठ-दहा दिवसांत भरते. पण ती टाळता येते: बधिरपणा जाईपर्यंत खायला द्यायचं नाही आणि नजर ठेवायची.

ड्रिलशिवायचे रस्ते

हे पालकांना कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. किडलेला प्रत्येक दुधाचा दात कोरावाच लागतो असं नाही. निर्णय डॉक्टरांचा, पण विचारायचा हक्क तुमचा.

एक आहे चांदी आणि फ्लोराइडचं द्रावण, ३८ टक्क्यांचं. सुई नाही, ड्रिल नाही. दात कोरडा करून थेंबभर लावायचं, बहुतेक वेळा कीड थांबते. अडचण एकच, किडलेला भाग कायमचा काळा पडतो. मागच्या दाढेला कोण बघतंय? पुढच्या दाताला मात्र आधी विचार करा, लग्नसराईत फोटो काढताना मग मॅडमना दोष नको.

दुसरी हॉल पद्धत, स्कॉटलंडच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावाची. किडक्या दुधाच्या दाढेवर न कोरता, न सुन्न करता स्टीलची टोपी बसवतात. आत अडकलेल्या किडीला अन्न मिळेनासं होतं. काही वेळा तीन-चार दिवस आधी दाढांच्या फटीत रबराचं छोटं कडं घालतात. टोपी बसल्यावर चावा उंच लागतो, काही आठवड्यांत जुळतो. दाढ आतून दुखत असेल, हिरडीवर गळू असेल तर मात्र ही पद्धत चालत नाही.

फार घाबरणाऱ्या मुलासाठी नाकावर मास्क लावून हसवणारा वायू देतात. मूल जागं असतं, बोलतं, फक्त सैलावतं. शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की उतरतो. नाक चोंदलेलं असेल तर याचा उपयोग नाही, म्हणून सर्दी असेल तर आदल्या दिवशीच फोन करा.

अगदी लहान मूल, आठ-दहा दात किडलेले, तर पूर्ण भूल देऊन रुग्णालयात एकाच वेळी सगळं काम करतात. यात उपाशी ठेवण्याचे नियम काटेकोर असतात: जड किंवा तळलेलं खाणं किमान ८ तास आधी बंद, हलकं खाणं ६ तास, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. एकदा सगळी तयारी झाल्यावर कळलं की आजोबांनी दया येऊन पहाटे बिस्किट दिलं होतं. ऑपरेशन पुढे ढकललं. आजोबांना कुणी नियम सांगितलाच नव्हता.

परत आल्यावर

संध्याकाळी पाहुणे येतात आणि आई सांगते, “काय रडला हो आज, दवाखाना डोक्यावर घेतला!” मूल कोपऱ्यात ऐकत असतं. पुढच्या वेळी त्याला तेवढंच आठवणार. त्याऐवजी जे खरंच घडलं त्यातलं चांगलं त्याच्याच तोंडून वदवा: “डॉक्टरांनी दहा मोजेपर्यंत तोंड कुणी उघडं ठेवलं?” “पिचकारी कशी होती?” हे त्याच रात्री करा.

रात्री दोन वाजता दाढ ठणकली तर

कोमट मिठाच्या पाण्याची चूळ, अडकलेलं अन्न ब्रशने काढणं, मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल. लवंगेचं तेल लहान मुलाच्या हिरडीवर ओतू नका, भाजतं. मशेरीचं बोट तर अजिबात नको, तो तंबाखू आहे. गोळी कुटून दाताशी ठेवू नका, आणि अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचंच नसतं. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ म्हणून थांबू नका, दाढेचा आणि डोळ्याच्या नजरेचा तसा काही संबंध नाही. गाल सुजला, ताप आला, डोळ्याखाली सूज चढली, गिळता येत नसेल किंवा तोंड उघडत नसेल तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

खर्चाच्या भीतीने थांबला असाल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे, आणि दंत महाविद्यालयांत मुलांचा स्वतंत्र विभाग असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं, त्यात दातही बघतात. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती जपून ठेवा. महाविद्यालयात जायचं असेल तर केसपेपरच्या रांगेत एकाने उभं राहावं आणि दुसऱ्याने मुलाला बाहेर झाडाखाली खेळवावं. नंबर आला की मगच आत आणा.